पेशंटला विचारायचं नाही

माझ्या वडिलांना सर पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, मेंदू मागितला.

"वय किती आपलं?" त्यांनी विचारलं. वडिलांनी सांगितलं. "वास नीट येतो? झोपेत हातपाय झाडता? नाही? उत्तम. मग जाताना मेंदू आम्हाला द्या. तुम्हाला तरी पुढे त्याचा काय उपयोग!"

वडील त्या दिवशी मला नोएडाला नोकरीवर सोडायला आले होते. मेट्रोने मी एकटी जाऊ शकत होते, पण पहिला दिवस म्हणून ते आले आणि संस्थेच्या दारातच सरांच्या तावडीत सापडले. संध्याकाळी घरी त्यांनी आईला एवढंच सांगितलं, "माणूस विद्वान आहे. पण माझ्याकडे तो मी आधीच गेल्यासारखा बघत होता."

सरांचं याहून नेमकं वर्णन करायचा मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

सर मेंदूच्या झिजेच्या आजारांचे तज्ज्ञ. विसर पडणं, हात थरथरणं, स्वभाव बदलणं, ज्यांत मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात ते सगळे आजार त्यांच्या अखत्यारीत. तळमजल्यावर स्कॅनर होता, वर रक्तातली जनुकं वाचायची प्रयोगशाळा होती आणि तळघरात मेंदू होते. प्रत्येक मेंदूचा अर्धा भाग गोठवलेला, अर्धा फॉर्मलिनच्या डब्यात. तळघर ही सरांची लाडकी जागा. पाहुण्यांना चहाच्या आधी तिथे नेत. "जिवंत माणूस म्हणजे नुसता अंदाज," ते म्हणत. "खरं काय ते कापल्यावर कळतं." शास्त्र म्हणून हे खोटं नाही. या आजारांतल्या बहुतेकांचं पक्कं निदान अजूनही मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच होतं. पण सर ते ज्या समाधानाने म्हणत, त्यावरून माणसाचं जिवंत असणं ही मधली एक अडचण आहे असं वाटे.

दिल्लीत सर अतिशय अदबशीर म्हणून प्रसिद्ध होते. याचं कारण, ते कोणत्याही दारातून स्वतः आधी जात नसत. "आप चलिए, आप चलिए," म्हणत समोरच्याला पुढे घालत. मंत्रालयातले सचिव, औषध कंपन्यांचे लोक, सगळे खूश व्हायचे. खरी गोष्ट अशी की सर मागून त्यांची चाल बघत असत. दोन्ही हात सारखे हलतात की एक अंगाला चिकटून राहतो, वळताना माणूस एका झटक्यात वळतो की लहान लहान पावलं टाकत. मग पाहुणा लिफ्टमध्ये गेला की आमच्याकडे वळून म्हणत, "दहा वर्षं. फार तर." पाहुणा लिफ्टमधून हात हलवत असे.

एकदा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सदनात इथल्या मराठी लोकांचा कार्यक्रम होता. आईवडिलांबरोबर मीही गेले होते. सर तिथे भेटले. त्यांच्या खिशात कायम तीन छोट्या बरण्या असत. एकीत हिंग, एकीत लवंग, एकीत कॉफी. कंपवाताच्या आजारात वास येणं फार आधी कमी होतं, म्हणून. जेवणाच्या रांगेत त्यांनी ओळखीच्या एका निवृत्त न्यायाधीशांना डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली बरणी धरली.

"काय आहे?"

"हे काय, सदनाची आमटी का?" न्यायाधीश म्हणाले. रांगेतली माणसं हसली.

सर हसले नाहीत. "हिंग होता. त्यांना आमटी वाटली," ते मला गंभीरपणे म्हणाले.

"सर, आमटीत हिंग असतो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कोशिंबिरीकडे सरकले. त्यानंतर न्यायाधीशांच्या घरून सरांना बोलावणं आलं नाही. सरांच्या मते, चिडचिड वाढणं हेही लक्षणच.

सरांनी माणसांचे दोनच वर्ग केले होते. केस आणि कंट्रोल. केस म्हणजे आजारी. कंट्रोल म्हणजे आजारी माणसाशी तुलना करायला घेतलेला त्याच वयाचा निरोगी माणूस. या कामात असे निरोगी म्हातारे मिळणं फार कठीण. धडधाकट माणूस सुट्टी काढून स्कॅनरच्या त्या ठणठणाट करणाऱ्या नळीत कशाला येऊन पडेल? म्हणून आमच्याकडे एक सोय होती. पेशंटबरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलाच कंट्रोल करायचं. वय तेच, घर तेच, जेवण तेच. ती व्यक्ती तशीही बाकावर ताटकळत बसलेली. बहुतेक वेळा ती बायको असे. सर बाहेर डोकावून विचारत, "कंट्रोल आली का?" नाव विचारल्याचं मला आठवत नाही. स्वतःच्या पत्नीची ओळखही ते अशीच करून देत. "ही माझी पर्मनंट कंट्रोल." बाई हसत. मला ते हसू बघवत नसे.

आणि सरांचा एक नियम होता, ज्याचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता. पेशंटला विचारायचं नाही.

"ज्याला आठवत नाही, तो काय आठवून सांगणार?" हे वाक्य ते प्रत्येक नव्या तुकडीला ऐकवत. त्यांच्या खोलीत पेशंटची खुर्ची भिंतीपाशी, कॅलेंडरखाली होती. सर आपली खुर्ची फिरवून नातेवाइकाकडे तोंड करत आणि पुढचा अर्धा तास पेशंटबद्दल बोलत. पेशंट त्यांच्या पाठीकडे बघत बसे. एखाद्याने मध्ये "नाही, तसं नव्हतं," म्हटलं तर सर मागे न बघता हात वर करत, वर्गात बोलणाऱ्या मुलाला गप्प करावं तसा. आजार मान्य न करणं हेही लक्षणच.

याच खोलीत मेश्रामकाका आणि काकू आले.

ती हकीकत सर आता परिषदांमधून सांगतात. मी दोनदा ऐकली आहे. त्यांच्या आवृत्तीत त्यांना पहिल्या भेटीतच शंका येते, ते धीराने वाट बघतात आणि योग्य वेळी रहस्य उलगडतात. टाळ्या पडतात. त्या आवृत्तीत मी नाही. ते बरंच आहे, मला कुणी दाखवलेलं आवडत नाही. पण तिच्यात काकूही एक शब्द बोलत नाहीत, आणि ते मात्र मला सहन होत नाही.

काका मूळचे नागपूरचे, केंद्र सरकारच्या एका खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मयूर विहारमधल्या एका सोसायटीत दोघंच राहत. मुलगा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि तिकडेच राहायचा. काका दर रविवारी सोसायटीच्या मीटिंग रूममध्ये स्पर्धा परीक्षांचा क्लास घेत. फुकट. आजूबाजूच्या वस्त्यांमधली मुलं येत. राज्यघटना हा त्यांचा विषय. काका मुळात कमी बोलणारे, पण घटनेवर बोलायला लागले की थांबवावं लागे, असं मुलगा म्हणायचा. हा क्लास हे काकांचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य होतं.

पहिल्या दिवशी सरांनी खुर्ची फिरवली आणि काकूंना म्हणाले, "हं, सांगा. साहेब काय काय विसरतात?"

काकूंनी सुरुवात केली. "काय सांगू जी! चहात साखर मी घालते, हे येऊन परत घालून जातात. गॅस सुरूच राहतो. परवा किल्ल्या सापडल्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशवीखाली. मी म्हटलं, हे कोणी ठेवलं? तर म्हणे, मी नाही. मग कोणी ठेवलं जी? घरात दोघंच तर आहोत!"

"क्लासिक," सर म्हणाले. "बिल्कुल क्लासिक."

मी कोपऱ्यात बसून टिपून घेत होते. थोड्या वेळाने काकूंनी किल्ल्यांची गोष्ट पुन्हा सांगितली, त्याच शब्दांत. मग साखरेची. सर पाठीमागे बसलेल्या पेशंटच्या देखत इंग्रजीत मला म्हणाले की नोंद एकदाच कर, बायका एकच गोष्ट दहा वेळा सांगतात. भिंतीपाशी काका काहीतरी पुटपुटले. सरांचा हात वर गेला.

स्मरणाच्या चाचणीत काकांना गुण कमी पडले. चाचणी घेणाऱ्याने शब्द त्यांच्या डाव्या बाजूला बसून हिंदीतून भराभर वाचले होते आणि काकांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. हे आम्हाला फार नंतर कळलं. स्कॅनमध्ये काकांचा मेंदू वयाच्या मानाने चांगला होता. सरांना त्याचीही अडचण वाटली नाही. "मशीनला अजून दिसत नाही. मला दिसतं," ते म्हणाले. मग त्यांनी काकांच्या घराण्याचा तक्ता काढला. त्यात पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. आजारी असेल तर आतून काळं करायचं. काकांचे एक थोरले बंधू शेवटी शेवटी जरा भ्रमिष्ट झाले होते, हे कळल्यावर सरांनी तो चौकोन चवीने काळा केला. काकांचे आजोबा, पणजोबा, चुलते, सगळे कागदावर आले. काकू म्हणजे काकांच्या शेजारचं एक रिकामं वर्तुळ. त्यांच्या वर काहीच नव्हतं, जणू त्यांना आईवडील नव्हते. कंट्रोलचं घराणं विचारत नाहीत. कंट्रोलची स्मरणाची चाचणी मात्र घ्यायची असते. सर म्हणाले, "नवऱ्याच्या एवढ्या चुका जी बाई पाठ म्हणून दाखवते, तिची कसली परीक्षा घ्यायची?"

काकूंना स्कॅनरकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मला मराठी येत होतं. बांगड्या, मंगळसूत्र, पिना काढून घेताना त्या म्हणाल्या, "लग्न झालं का ग तुझं?" मी नाही म्हटलं. "घाई नको करू," त्या म्हणाल्या. "आधी नोकरी." स्कॅन झाल्यावर पिना परत देताना त्यांनी विचारलं, "लग्न झालं का ग तुझं?" मी नाही म्हटलं. "घाई नको करू. आधी नोकरी." माझ्या बाजूने बोलणारं माणूस दोनदा बोललं, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

काका केस ठरले. सरांनी गोळी सुरू केली आणि मुलाला बोलावून समजावलं. क्लास बंद करा, मुलांना चुकीचं शिकवतील. एकटं बाहेर सोडू नका. गॅस, किल्ल्या, औषधं, सगळं आईच्या हातात द्या. मुलाने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंनी पदर खोचला, म्हणजे खरोखर खोचला, आणि म्हणाल्या, "तू काळजी करू नको. मी आहे ना."

काही महिन्यांनी ते तपासणीला आले तेव्हा काकांच्या कपाळावर पट्टी होती. न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते.

"गोळ्या दोनदा घेतल्या यांनी," काकू म्हणाल्या.

"तू दिल्या म्हणून घेतल्या," भिंतीपाशी काका म्हणाले.

सरांचा हात वर गेला. "वाढतोय," ते मला म्हणाले. "लिही."

माझं रोजचं काम वेगळं होतं. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीवर आत, करंगळीएवढा एक भाग असतो. नव्या आठवणी आधी तिथे पोचतात. विसराच्या आजारात तो लवकर आक्रसतो. स्क्रीनवर एकेका कापात त्याची कड माउसने आखायची आणि आकारमान काढायचं. फायलींवर फक्त क्रमांक असतात, नावं नसतात. आखणाऱ्याला केस कोण आणि कंट्रोल कोण हे कळू नये म्हणून. केसचे स्कॅन डॉक्टर बघतात. कंट्रोलचे आमच्याकडे कुणी डॉक्टर बघत नसे. ते थेट सरासरीत जात. दिवसभर अशा कडा आखणं लोकांना कंटाळवाणं वाटतं. मला आवडतं. कुणाशी बोलावं लागत नाही.

त्या आठवड्यात एका फाइलमध्ये तो भाग इतका आक्रसला होता की मी तीन वेळा आखून पाहिला. मग कुठला क्रमांक कुणाचा याची यादी असलेल्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कंट्रोल है यार. मेश्राम की वाइफ."

एका आकारावरून आजार ठरत नाही, हे मला माहीत आहे. पण मला स्कॅनरच्या खोलीतल्या पिना आणि तो दोनदा विचारलेला प्रश्न आठवला. सरांकडे गेले. मी सहसा जात नसे.

"तू चुकीची आखली असशील," सर म्हणाले. मी चित्र उघडून दाखवलं. त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही. "अगं, फायलींची अदलाबदल झाली! हा त्याचा मेंदू आहे. मी म्हणत होतो ना? मशीनने पण कबूल केलं शेवटी." त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही क्रमांक बदलायला सांगितले, आणि काकांच्या मुलाला फोन लावला. आता अजिबात शंका उरली नाही, गोळी वाढवतोय, आईच्या नजरेखालून हलू देऊ नका.

ज्या हातांनी गोळ्या दोनदा दिल्या होत्या, त्यांच्याच हातात आता मोठी गोळी जाणार होती.

सांगायची गोष्ट अशी की स्कॅन फक्त मेंदूचा नसतो. सगळं डोकंच त्यात येतं. नाक, ओठ, पापण्या. म्हणून आम्ही फाइल पुढे देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसून टाकतो. न पुसलेली मूळ फाइल उघडून चेहरा उभा करायचा नाही, असा नियम आहे. नियम चांगला आहे. मी तो मोडला. संगणकाने थर चढवत नेले आणि स्क्रीनवर राखाडी रंगात, केस नसलेल्या, डोळे मिटलेल्या काकू आल्या. बसकं नाक, हनुवटीवरची खळी. झोपल्यासारख्या.

मी लॅपटॉप सरांसमोर ठेवला.

सर बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काकूंबद्दल काहीतरी विचारेल.

"हे अजून कोणाला दाखवलंस?" त्यांनी विचारलं.

कोणालाच नाही, म्हटल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला. गोळी थांबवायचा फोन त्यांनी लगेच केला, हे मान्य करायला हवं. मुलाला कारण सांगितलं, "एक खास तपासणी करायची आहे." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या बाईबद्दल मला पहिल्यापासून शंका होती." मग त्यांनी मला काकूंची राहिलेली चाचणी घ्यायला सांगितलं.

मी पाच साधे मराठी शब्द सांगितले. काकूंनी ते खणखणीत म्हणून दाखवले. थोड्या गप्पा झाल्यावर मी म्हणाले, "काकू, मघाचे शब्द सांगा ना."

"कुठले शब्द?" त्या हसत म्हणाल्या. "तू कुठे काय सांगितलंस?" मग माझ्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं. हसू ओसरलं. "सांगितले होते का?"

काकांची चाचणी उजव्या बाजूला बसून, मराठीतून घेतली. ते सगळे शब्द क्रमाने म्हणाले, आणि घटनेतली दोन कलमंही.

मग निकाल सांगायचा दिवस. सरांनी फक्त काकांना आत बोलावलं. काकूंना मी बाहेर बाकावर बसवलं. "डॉक्टरांना साहेबांशी जरा बोलायचंय," असं मी त्यांना म्हणाले आणि आत गेले.

सर काकांकडे तोंड करून बसले होते, कारण आता काका नातेवाईक होते. "अभिनंदन," सर म्हणाले. "तुम्ही नॉर्मल आहात." आणि मग उरलेलं सांगितलं.

काका म्हणाले, "घरात कोणीतरी विसरतंय, एवढं दिसत होतं. तुम्ही म्हणालात मी. तर मी म्हटलं, असेल. किल्ल्या मी ठेवल्याचं आठवत नव्हतं. पण तुम्हीच म्हणाला होतात, आठवणारच नाही."

सरांनी यावर मान डोलावली, जणू एखाद्या विद्यार्थ्याने धडा बरोबर म्हटला.

"चहा तर मला करताच येत नाही," काका म्हणाले. मग पुढे वाकून, "साहेब, एक विनंती आहे. तिला सांगू नका. मी आजारी आहे असंच राहू द्या. माझं करते आहे, त्यात ती खूश आहे. ती सांभाळते असं तिला वाटू दे. मी बघेन तिच्याकडे, तिला न कळता."

काकांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी ते मनापासून मागितलं. माझा संताप झाला तो सरांच्या चेहऱ्यावर. तिथे एकदम मऊ, पवित्र असं काहीतरी पसरलं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "बिल्कुल. कागदावर तुम्हीच केस राहाल. हे आपल्यातच राहील." आणि माझ्याकडे बघून, "शिक. याला म्हणतात माणुसकी."

मला त्या माणुसकीचा हिशेब स्वच्छ दिसत होता. निदान चुकलं नाही, कागद बदलला नाही, मुलाला तोंड द्यावं लागलं नाही. आणि बाहेर बाकावर जिच्या मेंदूबद्दल हे चाललं होतं, ती पर्स मांडीवर घेऊन नवऱ्याची वाट बघत होती.

"सर, हे काकूंनी ठरवायचं आहे," मी म्हणाले.

"तुला विचारलं नाही."

"त्यांनाही नाही विचारलं."

माझा आवाज फार लहान आहे. शाळेपासून सगळे म्हणतात, जरा मोठ्याने बोल. मी मोठ्याने बोलले नाही. उठले आणि दार उघडलं.

"काकू, आत या. तुमच्याबद्दल बोलणं चाललंय."

काकू उठल्या. "माझ्याबद्दल? मग मला बाहेर कशाला बसवलं?"

आत आल्या, काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. सर काकांकडेच बघून बोलू लागले. "हे पाहा, तुमच्या मिसेसना..."

"डॉक्टर, मी इथे आहे," काकू म्हणाल्या.

मग सरांना त्यांच्याकडे बघून सांगावं लागलं. मोठे मोठे शब्द वापरून, अडखळत. पेशंटशी बोलायची सवय नव्हती. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता.

"आईचं असंच झालं होतं माझ्या," त्या म्हणाल्या. "अन् मावशीचं. आई शेवटी मला वहिनी म्हणायची."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" सर जवळजवळ ओरडले.

"तुम्ही यांचे पणजोबा विचारत होते जी."

काका रुमालाने डोळे पुसत होते. काकू त्यांच्याकडे वळल्या, आणि मला वाटलं आता त्या रडतील. पण त्या चिडल्या होत्या. कमालीच्या.

"इतके महिने मी साखर तुमच्यावर घातली, गॅस तुमच्यावर घातला. गोळ्या दोनदा गिळायला लावल्या. डोकं फोडून घेतलं तुम्ही. अन् एकदा भांडला नाहीत? एकदा म्हणायचं होतं, तूच ठेवल्या किल्ल्या!"

"डॉक्टर म्हणाले होते ना," काका म्हणाले.

"डॉक्टर म्हणाले! राज्यघटना शिकवता पोरांना!" त्यांनी काकांच्या कपाळावरच्या खुणेवर बोट ठेवलं, मग हात काढून घेतला. "हे बघा. पुढे मला काय आठवेल, काय नाही, मला माहीत नाही. आजपासून मी चुकले की मला सांगायचं. तोंडावर. मी भांडेन, तुम्हीही भांडायचं. अन् रविवारी क्लास घ्यायचा. मी मागच्या बाकावर बसेन, म्हणजे माझ्यावर लक्षही राहील."

सर काहीतरी बोलायला गेले. काकूंनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला.